खजिन्यात पैसा असून अमेरिकेचं सरकार बंद कसं पडतं?

१ ऑक्टोबर २०२५ ला अमेरिकेचं केंद्र सरकार ‘बंद’ पडलं. १२ नोव्हेंबरच्या रात्री राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी विधेयकावर सही केली, तेव्हा कुठे ते पुन्हा सुरू झालं. ४३ दिवस! तोवरचा सर्वांत लांबलेला शटडाऊन ३५ दिवसांचा होता. अशा बातम्या आल्या की आपल्याकडे हमखास विचारलं जातं, ‘जगातला सर्वांत श्रीमंत देश आणि पगाराला पैसे नाहीत? दिवाळं निघालं की काय?’

दिवाळं निघालेलं नव्हतं. त्याच ४३ दिवसांत अमेरिकेचा खजिना रोखे विकत होता, जुन्या कर्जाचं व्याज चुकवत होता, कोट्यवधी निवृत्तांच्या खात्यात पेन्शन जमा करत होता. कर भरणारे करही भरत होते. मग बंद काय पडलं आणि का? हे एकदा नीट समजून घ्यायला हवं, कारण शटडाऊनच्या जोडीने ‘कर्जमर्यादा’ नावाचं आणखी एक प्रकरण अधूनमधून बातम्यांत येतं आणि दोन्हींची सर्रास सरमिसळ होते. प्रत्यक्षात दोन्हींचे परिणाम अगदी वेगळे आहेत. एकात कर्मचारी आणि गरीब माणूस भरडला जातो, तर दुसऱ्यात साऱ्या जगाचे बाजार हादरू शकतात.

पैसा असतो, परवानगी नसते

अमेरिकेच्या राज्यघटनेच्या पहिल्याच अनुच्छेदात, नवव्या कलमात एक साधी अट आहे: कायद्याने मंजुरी दिल्याशिवाय खजिन्यातून एक पैसाही काढता येणार नाही. ही मंजुरी देते तिथली संसद, म्हणजे काँग्रेस. प्रतिनिधिगृह आणि सिनेट ही तिची दोन सभागृहं. राष्ट्राध्यक्ष कितीही ताकदवान असो, तिजोरीची किल्ली त्याच्याकडे नाही.

आपल्या हाउसिंग सोसायटीचं उदाहरण घ्या. बँकेत सोसायटीचे वीस लाख पडून आहेत. पण सर्वसाधारण सभेत दोन गटांचं जमलं नाही आणि नव्या वर्षाच्या खर्चाचा ठराव झालाच नाही, तर सेक्रेटरीने चेकवर सही करायची कशाच्या जोरावर? पैसे आहेत, ठराव नाही. वॉचमनला ‘तू ये, पगार ठराव झाल्यावर देतो’ असं सांगावं लागतं. बागेच्या माळ्याला ‘तूर्त येऊ नकोस’ म्हणावं लागतं. शटडाऊन म्हणजे नेमकं हेच.

बारा विधेयकं आणि एक तारीख

अमेरिकेचं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. त्याआधी काँग्रेसने खर्चाची बारा वेगवेगळी विधेयकं मंजूर करायची असतात: संरक्षण, शेती, वाहतूक, गृह अशी. ही पद्धत १९७४ च्या कायद्यानंतर बसली. पण तेव्हापासून आजवर सगळी विधेयकं वेळेत मंजूर झाली ती फक्त चार वर्षी, आणि त्यातलं शेवटचं वर्ष होतं आर्थिक वर्ष १९९७.

बाकीच्या वर्षी काय करतात? ‘गेल्या वर्षीच्या दरानेच काही आठवडे खर्च चालू ठेवा’ असा तात्पुरता ठराव करतात. आपल्या लेखानुदानाच्या, म्हणजे पूर्ण अर्थसंकल्पाआधीच्या काही महिन्यांच्या खर्चमंजुरीच्या, जवळपास जाणारा हा प्रकार. तोही झाला नाही की मध्यरात्री मंजुरी संपते आणि शटडाऊन सुरू होतो. बाराच्या बारा विधेयकं अडकली असतील तर सगळी खाती त्यात सापडतात, काही आधीच मंजूर झालेली असतील तर तेवढी वाचतात. २०१८-१९ चा शटडाऊन असाच अर्धवट होता.

बहुमत असूनही अडतं कसं?

२०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष रिपब्लिकन होते आणि दोन्ही सभागृहांत त्याच पक्षाचं बहुमत होतं. तरीही अडलं. याचं उत्तर सिनेटच्या नियमात आहे.

सिनेटमध्ये १०० सदस्य असतात. तिथे बहुतेक विधेयकांवरची चर्चा थांबवून मतदान घ्यायचं तर आधी ६० सदस्यांची संमती लागते. ही संमती रोखून धरून विधेयक अडवणं म्हणजे फिलिबस्टर. हा नियम घटनेत कुठेही नाही. तो सिनेटने स्वतःसाठी केलेला आहे. चर्चा थांबवण्याची सोय १९१७ मध्ये आली तेव्हा दोन तृतीयांश मतं लागत, १९७५ पासून ६० लागतात.

रिपब्लिकनांकडे होते ५३. विरोधातले डेमोक्रॅट म्हणाले, ओबामांच्या काळातल्या आरोग्यविमा कायद्याखाली मिळणारी वाढीव सवलत वर्षअखेर संपते आहे, ती वाढवा, मगच मतं देतो. रिपब्लिकन म्हणाले, आधी सरकार सुरू करा, मग बोलू. तात्पुरत्या ठरावाचा प्रस्ताव सिनेटमध्ये १४ वेळा अडला. अखेर ९ नोव्हेंबरला काही डेमोक्रॅट फुटले आणि प्रस्तावाला मतं पडली बरोबर ६०. विमा सवलत काही पदरात पडली नाही.

या कायद्याची आणखी एक गोष्ट सांगतो. २०१३ मध्ये १६ दिवसांचा शटडाऊन झाला तो याच कायद्याचा पैसा रोखावा या रिपब्लिकनांच्या हट्टापायी. बारा वर्षांनी डेमोक्रॅटांनी तेच हत्यार त्याच कायद्याच्या बाजूने उचललं.

कायदा जुना, शटडाऊन नवा

मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हा भाग, आणि तोच सहसा कुणी सांगत नाही. राज्यघटना १७८९ पासून लागू आहे. मंजुरीशिवाय खर्च वा देणी ओढवून घेऊ नयेत असं बजावणारा कायदा १८८४ पासून आहे. पण आज आपण ज्याला शटडाऊन म्हणतो तो १९८० च्या आधी नव्हताच.

१९७० च्या दशकातही मंजुऱ्या संपत, कधी कधी आठवड्याहून अधिक काळ. तेव्हा खाती जरा हात आखडता घेत आणि काम चालू ठेवत. काँग्रेस उशिरा का होईना मंजुरी देणार, हे सगळ्यांनीच गृहीत धरलेलं असायचं. एप्रिल १९८० मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांचे ॲटर्नी जनरल, म्हणजे सरकारचे मुख्य कायदे सल्लागार, बेंजामिन सिव्हिलेटी यांनी लेखी मत दिलं की १८८४ च्या कायद्याचा अर्थ काटेकोर घ्यायला हवा: मंजुरी संपली की काम थांबवा. १ मे १९८० ला ‘फेडरल ट्रेड कमिशन’ हे एक कार्यालय एक दिवस बंद राहिलं. या नव्या अर्थाने झालेला तो पहिला शटडाऊन. जानेवारी १९८१ मध्ये सिव्हिलेटींनी दुसरं मत देऊन अपवाद सांगितला: माणसांचे जीव आणि मालमत्ता यांच्या रक्षणाचं काम चालू ठेवता येईल.

एका कायदे सल्लागाराच्या अर्थाने सुरू झालेली ही प्रथा आज लाखो लोकांचे पगार अडवते. मतात कायद्याची चूक होती असं मी म्हणणार नाही, कलमाचे शब्द पाहिले तर तो अर्थ निघतो. पण या तर्काने जो भार पडतो तो अडवणूक करणाऱ्यांवर न पडता भलत्यांवरच पडतो, हे चाळीसहून अधिक वर्षं दिसत असूनही काँग्रेसने कायदा बदललेला नाही.

काय बंद होतं, काय चालू राहतं?

अमेरिकी सरकारचा वर्षाचा खर्च २०२४ मध्ये सुमारे पावणेसात ट्रिलियन डॉलर होता (एक ट्रिलियन म्हणजे एक लाख कोटी). त्यातला मोठा हिस्सा निवृत्तिवेतन, वृद्धांचा आरोग्यविमा आणि कर्जावरचं व्याज यांचा. त्याला दरवर्षी नव्या मंजुरीची गरज नसते, कायमचा कायदा आहे. दरवर्षी मंजुरी लागते ती पाव हिश्श्याहून थोड्या अधिक खर्चाला. शटडाऊनची झळ बसते ती मुख्यतः तेवढ्यालाच.

पण त्या हिश्श्यातच बहुतेक सरकारी कर्मचारी येतात. त्यांचे दोन गट पडतात. एक ‘घरी बसा’ गट: संशोधक, उद्यानांचे कर्मचारी, आकडेवारी गोळा करणारे. दुसरा ‘कामावर या, पगार नंतर’ गट: विमानतळावर तपासणी करणारे, हवाई वाहतूक नियंत्रक, सीमारक्षक, तुरुंगाचे पहारेकरी. २०१८-१९ मध्ये दोन्ही मिळून सुमारे आठ लाख कर्मचारी होते. २०२५ मध्ये रोज सुमारे साडेसात लाख नुसते घरी बसतील, असा काँग्रेसच्याच अर्थविषयक कार्यालयाचा अंदाज होता.

दुसऱ्या गटाची ताकद किती, हे २५ जानेवारी २०१९ ला कळलं. महिन्याभराहून जास्त काळ बिनपगारी काम करणाऱ्या नियंत्रकांपैकी मोजकेच जण त्या सकाळी व्हर्जिनिया आणि फ्लोरिडातल्या केंद्रांवर आले नाहीत. तेवढ्याने न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळाकडे येणारी विमानं काही काळ जिथल्या तिथे थांबवावी लागली. फिलाडेल्फिया, न्यूअर्क इथेही उशीर होऊ लागला. सीमेवरच्या भिंतीसाठी ५.७ अब्ज डॉलर मिळाल्याशिवाय हटणार नाही म्हणणाऱ्या ट्रम्प यांनी त्याच दिवशी तडजोड जाहीर केली.

पगार नंतर मिळतोच, मग नुकसान कुणाचं?

हा आक्षेप अमेरिकेतही घेतला जातो. २०१९ च्या कायद्याने थकलेला पगार देणं बंधनकारक झालं आहे, हे खरं. तरीही २०२५ मध्ये व्हाइट हाउसकडून त्याच कायद्याबद्दल शंका काढली गेली आणि काही हजारांना नोकरीवरून कमी केल्याच्या नोटिसा गेल्या. नोव्हेंबरच्या कायद्यात त्या मागे घ्यायला लावल्या आणि पगाराची पुन्हा हमी दिली. पण घरभाडं आणि गाडीचा हप्ता त्या ४३ दिवसांत थांबले नव्हते. सरकारी इमारतीत झाडलोट करणारे, कँटीन चालवणारे कंत्राटी कामगार तर या हमीत येतच नाहीत. त्यांचे बुडालेले दिवस बुडाले ते बुडालेच.

त्याहून वाईट म्हणजे गरिबांच्या ताटाला हात लागला. सुमारे ४ कोटी २० लाख लोक सरकारी अन्नसाहाय्यावर किराणा घेतात. नोव्हेंबर २०२५ चे त्यांचे पैसे वेळेवर जमा झाले नाहीत आणि प्रकरण न्यायालयांत गेलं. काँग्रेस सदस्यांचा पगार मात्र चालू होता, कारण त्याला दरवर्षीच्या मंजुरीची गरज नाही.

काही नुकसान भरूनच येत नाही. ऑक्टोबर २०२५ चा अमेरिकेचा बेरोजगारीचा दर कधीच कळणार नाही, कारण त्या महिन्यात घरोघरची पाहणी झालीच नाही. १९४८ पासूनच्या मासिक नोंदीत पडलेली ही पहिली फट. महागाईचा त्या महिन्याचा अहवालही रद्द झाला. व्याजदर ठरवणाऱ्या मध्यवर्ती बँकेला, फेडरल रिझर्व्हला, त्या काळात बरेचसे निर्णय अंदाजाने घ्यावे लागले. सहा आठवड्यांच्या शटडाऊनने सुमारे ११ अब्ज डॉलरचं उत्पन्न कायमचं बुडेल, असा काँग्रेसच्या कार्यालयाचा हिशेब होता.

कर्जमर्यादा: हे प्रकरणच वेगळं

आता पुन्हा त्याच सोसायटीत येऊ. समजा सभेने इमारत रंगवायचा ठराव केला, लिफ्ट बदलायचा केला, आणि मासिक वर्गणी वाढवायची नाही असाही केला. तूट भरायला कर्ज काढावं लागणार, हे तिथेच ठरलं. पण सोसायटीचा आणखी एक जुना नियम आहे: एकूण कर्ज अमुक रकमेच्या वर जाता कामा नये. रंगाऱ्याने काम केलं, बिल दिलं, आणि आता सभा म्हणते कर्ज काढू देणार नाही. अमेरिकेची कर्जमर्यादा अशी आहे. ती नव्या खर्चाला रोखत नाही. जो खर्च आधीच ठरला त्याचं बिल चुकवणं रोखते.

ती आली १९१७ मध्ये, पहिल्या महायुद्धात, आणि हेतू होता उलटाच. त्याआधी प्रत्येक कर्जरोख्याला काँग्रेसची वेगळी परवानगी लागे. युद्धाच्या घाईत ते शक्य नव्हतं, म्हणून ‘इतक्या रकमेपर्यंत तुमचं तुम्ही बघा’ अशी मोकळीक अर्थखात्याला दिली. १९३९ मध्ये सगळ्या कर्जाची मिळून एकच मर्यादा झाली. १९६० पासून ती किमान ७८ वेळा वाढवली, बदलली किंवा तात्पुरती स्थगित केली गेली आहे, त्यातही जास्त वेळा रिपब्लिकन राष्ट्राध्यक्षांच्या काळात.

मर्यादा गाठली की लगेच काही कोसळत नाही. अर्थखातं कर्मचाऱ्यांच्या निवृत्ती निधीतली गुंतवणूक पुढे ढकलण्यासारखे हिशेबाचे उपाय करून काही महिने काढतं. तेही संपले तर मात्र व्याज, पेन्शन, सैनिकांचे पगार यांपैकी काहीतरी थकणार. जानेवारी २०२३ मध्ये मर्यादा गाठली गेली आणि अर्थमंत्री जॅनेट येलेन यांनी शेवटची तारीख ५ जून सांगितली. राष्ट्राध्यक्ष बायडन यांची सही झाली ३ जूनला.

मर्यादेने उधळपट्टीला लगाम तरी बसतो ना?

लगाम म्हणून तिची बाजू घेणारे काही चुकीच्या हेतूने बोलत नाहीत. अमेरिकेचं कर्ज खरोखरच काळजी करण्यासारखं आहे. २०२४ मध्ये तिने व्याजावर संरक्षणापेक्षा जास्त खर्च केला. २०११ च्या ताणातून खर्चावर काही वर्षांची कमाल मर्यादा घालणारा कायदा निघाला, हेही मान्य करायला हवं. पण कर्जमर्यादा तेव्हा १४.३ ट्रिलियन डॉलर होती आणि जानेवारी २०२५ मध्ये ३६.१ ट्रिलियन. या लगामाने घोडा काही थांबलेला दिसत नाही.

किंमत मात्र मोजावी लागली. ऑगस्ट २०११ मध्ये तडजोड अगदी शेवटच्या दिवशी झाली, तरी तीन दिवसांनी देशांची पत ठरवणाऱ्या ‘स्टँडर्ड अँड पुअर्स’ या संस्थेने अमेरिकेचं सर्वोच्च पतमानांकन एका पायरीने उतरवलं. पुढच्या सोमवारी अमेरिकी शेअर बाजार पाच टक्क्यांहून जास्त पडला. गंमत अशी की, घाबरलेले गुंतवणूकदार शेअर विकून धावले ते अमेरिकी सरकारच्याच रोख्यांकडे, कारण तेवढा सुरक्षित आसरा जगात दुसरा दिसत नव्हता. हा विश्वास आहे म्हणून अमेरिकेला स्वस्तात कर्ज मिळतं. २०२३ मध्ये ‘फिच’ने आणि मे २०२५ मध्ये ‘मूडीज’नेही अमेरिकेचं सर्वोच्च मानांकन काढून घेतलं.

नोटा छापून का भागवत नाहीत?

डॉलर अमेरिकेचाच, मग छापा आणि द्या! पण नोटा अर्थखात्याच्या मर्जीने बाहेर पडत नाहीत. चलन किती खेळवायचं हे फेडरल रिझर्व्ह ठरवतं, आणि ते सरकारला थेट पैसे देत नाही. अर्थखात्याला प्लॅटिनमचं नाणं हव्या त्या किमतीचं पाडता येतं, त्या पळवाटेने एक ट्रिलियन डॉलरचं नाणं पाडावं अशी सूचना गांभीर्याने झाली होती. येलेन यांनी ती झिडकारली. आणि शटडाऊनमध्ये नोटांचा प्रश्नच येत नाही, कारण तिथे अडचण पैशाची नसतेच.

आपल्याकडे असं का होत नाही?

आपल्या घटनेतही संचित निधीतून, म्हणजे सरकारच्या मुख्य तिजोरीतून, पैसा काढायला कायदा लागतो. फरक आहे तो सरकार बनवण्याच्या पद्धतीत. आपल्याकडे ज्याच्याकडे लोकसभेत बहुमत त्याचंच सरकार. लोकसभेने अर्थसंकल्प फेटाळला तर सरकारच पडतं. राज्यसभा धनविधेयक जास्तीत जास्त १४ दिवस ठेवू शकते, अडवू शकत नाही. निवडणूक तोंडावर असेल तर लेखानुदान असतं. महाराष्ट्रात २०२४ मध्ये फेब्रुवारीत अंतरिम अर्थसंकल्प आणि पूर्ण अर्थसंकल्प जूनअखेर मांडला गेला, तेव्हा एकही तलाठी कार्यालय त्यापायी बंद पडलं नाही.

अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष वेगळा निवडून येतो, काँग्रेस वेगळी. दोघांपैकी कुणीच कुणाला सहज घरी पाठवू शकत नाही आणि कोंडी फोडायला मध्यावधी निवडणूकही नाही. घटनाकारांना हा अंकुश मुद्दाम हवा होता. आपल्या पद्धतीचीही किंमत आहेच. २०१८ मध्ये लोकसभेने सगळ्या खात्यांच्या मागण्या चर्चेविना एकगठ्ठा मंजूर केल्या. खर्चावर संसदेची नजर किती, या कसोटीवर अमेरिकी काँग्रेस आपल्यापेक्षा कितीतरी जागी आहे.

पुण्या-मुंबईला याची झळ कशी लागते?

पहिली झळ व्हिसाची. एच-१बी या नोकरीच्या व्हिसासाठी अर्ज करण्याआधी कंपनीला अमेरिकी कामगार खात्याकडून पगार आणि कामाच्या ठिकाणाबद्दलचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. २०२५ च्या शटडाऊनमध्ये ते काम जवळजवळ पूर्ण ऑक्टोबर ठप्प होतं. तिथे नोकरी बदलू पाहणाऱ्या मराठी मुलामुलींचे अर्ज तेवढे दिवस पुढे सरकेनात. व्हिसाच्या मुलाखती मात्र शुल्काच्या पैशावर चालतात, त्यामुळे त्या सहसा लगेच थांबत नाहीत. घरात कुणाचा अर्ज प्रलंबित असेल तर ‘अमेरिका बंद’ या बातमीने घाबरून न जाता, आपलं काम कोणत्या खात्याकडे आहे आणि ते खातं शुल्कावर चालतं की मंजुरीवर, एवढं आधी विचारावं.

दुसरी झळ कर्जमर्यादेची. भारताची अमेरिकी सरकारी रोख्यांतली गुंतवणूक २०२५ मध्ये सुमारे २०० अब्ज डॉलरची होती, आणि रिझर्व्ह बँकेच्या परकीय गंगाजळीचा मोठा भाग त्यात आहे. त्या रोख्यांवरचं व्याज एक दिवस जरी थकलं तरी रुपया, शेअर बाजार, आयातीचा खर्च सगळंच ढवळून निघेल. आजवर कर्जमर्यादेपायी तसं झालेलं नाही.

मग हे कायमचं मिटवत का नाहीत?

उपाय माहीत आहेत आणि अमेरिकेतच चालू आहेत. विस्कॉन्सिन राज्यात नवा अर्थसंकल्प वेळेत झाला नाही तर जुन्याच दराने खर्च आपोआप सुरू राहतो. केंद्रातही तसंच करावं अशी विधेयकं दोन्ही पक्षांच्या सदस्यांनी आणली आहेत. आक्षेप असा की, मग जुन्याच खर्चावर वर्षानुवर्षं रेटलं जाईल आणि नवं काही ठरवायची कुणाला घाई राहणार नाही. मला हा आक्षेप पटत नाही. आताही तात्पुरत्या ठरावांवरच रेटलं जातं, वर बंदची टांगती तलवार असते ती वेगळीच.

खरी अडचण अशी की, विरोधात बसलेल्या पक्षाला हेच हत्यार कामाला येतं. २००६ मध्ये सिनेटर असताना ओबामांनी कर्जमर्यादा वाढवण्याच्या विरोधात मत दिलं होतं. पाच वर्षांनी राष्ट्राध्यक्ष म्हणून त्याच मर्यादेने त्यांची कोंडी केली, आणि आपलं ते मत चुकलं असं त्यांनी जाहीर सांगितलं. जून २०२५ मध्ये ट्रम्प आणि त्यांच्या कट्टर विरोधक सिनेटर एलिझाबेथ वॉरन या दोघांनी मर्यादा पूर्ण रद्द करा अशी एकच मागणी केली. महिन्याभरात, ४ जुलैला, जो कायदा झाला त्यात ती रद्द झाली नाही. ५ ट्रिलियन डॉलरने वाढवून ४१.१ ट्रिलियन केली गेली.